बिनधुराची खोली

बाईनं पातेलं टेबलावर ठेवण्याआधी खाली रुमाल अंथरला. दुसऱ्याच्या टेबलाला काजळी लागू नये म्हणून जपणारी ही बाई खुनाची फिर्याद घेऊन आली होती.

“माझ्या आईला भावजयीनं विष घातलं,” ती म्हणाली. “यातून.”

विमाबाईंनी बावीस वर्षं एका विमा कंपनीसाठी मृत्यूचे दावे तपासले होते. त्यांचं खरं नाव आता फक्त विजेच्या बिलावर उरलं होतं. निवृत्तीनंतर तेच काम त्या झेरॉक्सच्या दुकानावरच्या एका खोलीत बसून करत, आणि दारावर ‘खाजगी तपास’ अशी पाटी होती. कोपऱ्यातल्या खुर्चीवर कंपाउंडर बसलेले असत. ज्या डॉक्टरांकडे त्यांनी तीस वर्षं पुड्या बांधल्या ते डॉक्टर वारले. तेव्हापासून कंपाउंडरांकडे औषधांचं ज्ञान होतं आणि ती देण्याचा अधिकार नव्हता, म्हणून ते तपासाकडे वळले होते.

बाई शहरात शिवणकामाचं दुकान चालवायची. तिची आई डोंगराखालच्या वस्तीत राहायची आणि हिवतापाचं औषध द्यायची. एक झुडूप, त्याचा पाला, बाकी काही नाही. औषध इतकं कडू, की वस्तीनं आजीचंच नाव कडूआजी ठेवलं होतं. या मोसमात सहा जणांना ताप आला आणि सहाही जण कामाला लागले. मग ताप कडूआजीला आला. पहिले दोन दिवस ती उठून बसायची, साधा ताप आहे, औषध नको म्हणायची, नंतर शुद्ध जाऊ-येऊ लागली. तिसऱ्या दिवसापासून औषध सुनेनं केलं. सहाव्या दिवशी आजी गेली.

“सहा परके जगले आणि आई गेली,” लेक म्हणाली. “झुडूप तेच, पाला तोच. फरक फक्त हाताचा.”

“तुम्हाला कधी कळलं?”

“गेल्यावर. दादाचा फोन आला तेव्हा. त्याआधी मला कुणी विचारलंसुद्धा नाही.”

“औषध करायचं कसं, हे आणखी कुणाला ठाऊक आहे?”

“मला. तेराव्या वर्षी आईनं शिकवलं. पाला सगळ्यांदेखत कुटायचा, त्यापुढचं सगळं दार लावून करायचं. आमच्यात ते एकीलाच सांगतात. दुसरीला सांगितलं की गुण जातो.” तिनं बोटं आत मिटून घेतली. “मी सतराव्या वर्षी घर सोडलं. बोटांना तो वास नको होता.”

“आणि दार लावल्यावर काय करायचं?”

“ते सांगायचं नसतं,” असं ती म्हणाली, आणि आईच्या खुनाची फिर्याद द्यायला आलेल्या माणसाच्या मानानं फारच ठामपणे म्हणाली.

कंपाउंडरांनी पातेल्याच्या आत डोकावून पाहिलं. आतून अर्ध्या उंचीवर तांबूस कडं होतं, तळाला पाल्याचा चोथा वाळून चिकटला होता. विमाबाईंनी मात्र पातेलं उलटं करून बूड पाहिलं, त्यावरून बोट फिरवलं आणि ते काळं बोट बराच वेळ न्याहाळलं.

“घरात इतकी भांडी असतील. तुम्ही नेमकं हेच कसं उचललंत?”

“दिसलं,” लेक म्हणाली.

पातेलं तपासायला गेलं. चार दिवसांनी अहवाल आला: पाला आणि पाणी, विष नाही. कंपाउंडरांच्या मते आपण जेवणात याहून घातक गोष्टी खातो. लेकीनं तो कागद दोनदा वाचला. तिचा चेहरा सुटल्यासारखा व्हायला हवा होता, तो आणखी आक्रसला.

“पुन्हा तपासा,” ती म्हणाली. “काहीतरी असणारच.”

विमाबाई म्हणाल्या, “वस्तीवर जाऊ.”

*

बस जिथे थांबते तिथून पुढे अर्धा तास पायी. कंपाउंडर सावली दिसेल तिथे तपासासाठी थांबत होते.

वस्तीच्या तोंडाशीच उंचवट्यावर आरोग्य उपकेंद्र होतं. भिंतीवर माणसाच्या उंचीची अक्षरं: पाणी उकळून प्या. त्याखाली उकळत्या भांड्याचं आणि हसऱ्या कुटुंबाचं चित्र. आत नर्सबाई एकट्या होत्या. हिवतापाच्या गोळ्या कपाटात नाहीत, असं त्यांनी न विचारता सांगितलं. तीन आठवडे झाले. मागणी केली होती, त्यावर भित्तिपत्रकं आली. पुन्हा मागणी केली, तेव्हा आणखी मोठी भित्तिपत्रकं आली.

नर्सबाईंनी आजीचं रक्त घेऊन काचपट्टी पाठवली होती. हिवतापच, तोही वाईट जातीचा, असा अहवाल आला. अहवाल पोचला तेव्हा आजी नव्हती. नियमाप्रमाणे त्यावर रुग्णाची सही हवी होती, म्हणून तो अजून टेबलावरच पडून होता.

“शहराच्या रुग्णालयात का नाही नेलं?”

“गाडी मागवली होती. ओढ्याच्या पुलाचं काम चालू होतं. पूल पूर्ण झाला त्याच दिवशी म्हातारी गेली.” नर्सबाईंनी खिडकीबाहेर पाहिलं. “आमचं भांडण होतं हो. ती म्हणायची तुझ्या गोळ्या, मी म्हणायचे तुझा पाला. पण या मोसमात माझ्याकडे सांगायला काहीच नव्हतं. शेवटचे तिघे मीच तिच्याकडे पाठवले. कागदावर लिहिलं नाही एवढंच.”

“सून इथे आली होती?”

“आजी आजारी पडली त्याच्या तिसऱ्या दिवशी. मोबाईलला रेंज फक्त माझ्या ओट्यावर येते. दोन मिनिटं बोलली, मग पदरानं डोळे पुसत उभी राहिली. मला म्हणाली, पाला किती वेळ उकळू? म्हटलं मला पाल्याचं काय ठाऊक, पण पाणी पोटात जायचं असेल तर चांगलं दहा मिनिटं उकळ. फार समजूतदार पोरगी. अख्ख्या वस्तीत माझं ऐकणारी ती एकटीच.”

लेक दाराबाहेर उभी होती. ती आत आली नाही.

पुढे वाटेवर झाडपाल्याचा व्यापारी भेटला. पत्र्याच्या गोदामासमोर भर उन्हात खुर्ची टाकून, स्वेटर घालून बसला होता. कडूआजीशी आपलं वाकडं होतं हे त्यानं सरळ मान्य केलं. त्यानं तिच्याकडे औषधाची कृती मागितली होती, डबीवर तिचा फोटो छापायचंही कबूल केलं होतं. तिनं त्याला हाकललं. मग त्यानं तोच पाला गोळा करून, गोदामाच्या पत्र्यावर वाळवून त्याची भुकटी केली.

“गुण आला?” विमाबाईंनी विचारलं.

“खप आला,” व्यापारी म्हणाला. त्याचे दात वाजत होते. “म्हातारी माझ्या पत्र्याकडे बघून म्हणायची, मेल्या, तू पाला वाळवत नाहीस, मारतोस. अशी बोलायची. तरी मी तिच्या मयताला गेलो.”

कंपाउंडरांनी वहीत लिहिलं: संशयित क्रमांक एक, हेतू स्पष्ट, थंडी वाजत नसताना स्वेटर. ते बरोबर नव्हतं. थंडी वाजत होती.

वस्तीत त्यांनी बऱ्या झालेल्या सहांपैकी चौघांना गाठलं. औषध कसं होतं? चौघांनीही आधी तोंड वाकडं केलं, मग सांगितलं. विहिरीतनं काढल्यासारखं गार. हिरवं, वर फेस. वास कच्च्या गवताचा. एका सुताराला तर दातच शिवशिवल्याची आठवण होती.

*

घर दोन खोल्यांचं होतं. अंगणाच्या टोकाला गवतानं शाकारलेली एक वेगळी लहान खोली, तिला कुलूप. मुलगा दगडखाणीवर कामाला होता, जेवायच्या सुट्टीत आला होता. कपड्यांवर दगडाची पूड तशीच. बहिणीकडे न बघता तो विमाबाईंशी बोलला. आई आजारी पडल्यावर त्यानं बहिणीला कळवलं नाही, हे खरं. आठ वर्षांत तिनं घरात पाय ठेवला नव्हता. “आणि कळवून काय झालं असतं? पाहुणी म्हणून आली असती.”

सून भांडी घासत होती. नणंदेला बघून ती उठून उभी राहिली, पाट पुढे सरकवला आणि पाणी आणायला वळली.

“ऊन लागलं असेल वन्सं, बसा,” ती म्हणाली. आपल्यावर विष घातल्याचा आळ घेणारीला ती हे म्हणाली, आणि त्यात टोमणा शोधूनही सापडला नसता. तिनं दिलेलं पाणी किंचित कोमट होतं.

विमाबाईंनी विचारलं, सुनेनं सांगितलं. सासूबाई अंगणात पाला कुटायच्या, ते तिनं सात वर्षं पाहिलं होतं. पहाटे खुडलेला पाला, ऊन चढायच्या आत कुटलेला. मग त्या गोळा घेऊन त्या खोलीत जायच्या, दार लावायच्या आणि तासाभरानं झाकलेला वाडगा घेऊन बाहेर यायच्या. आत काय चालतं हे तिनं कधी विचारलं नाही. बोलावल्याशिवाय आत यायचं नाही, असं त्यांनी लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी सांगितलं होतं.

“त्या अंथरुणाला खिळल्यावरही गेली नाहीस?”

“त्यांनी बोलावलंच नाही ना.”

म्हणून तिनं औषध स्वयंपाकघरात केलं. पहाटे उठून पाला खुडला, कुटला, स्वच्छ पातेलं घेतलं. एक थेंब वाया घालवला नाही. दिवसातून तीन वेळा ताजं करायची.

“कसं दिसायचं?”

“तांबूस. चांगलं दाट. शिजलेल्या भाजीसारखा वास यायचा.” सून भांड्यांकडे बघत होती. “पहिला घोट घेतला आणि त्यांनी माझ्याकडे असं बघितलं… मग पेला बाजूला सारला. म्हटलं कडू लागत असेल. स्वतःचं औषध कधी स्वतः घेतलंच नव्हतं त्यांनी. मी लहान मुलासारखं चुचकारून पाजलं. जीभ जड झाली होती, बोलता येत नव्हतं. हात उचलून सारखं त्या खोलीकडे दाखवायच्या. मग मी जाऊन कुलूप ओढून बघितलं आणि सांगितलं, कुलूप नीट आहे हं, कुणी आत जात नाही, काळजी करू नका.”

 मुलगा बोटावरची पूड झाडत राहिला.

“कसं करायचं ते कुणाला विचारलंस का?” विमाबाईंनी हळू विचारलं.

सुनेनं एकदा, फक्त एकदाच, नणंदेकडे पाहिलं.

“नाही,” ती म्हणाली. “कुणालाच नाही.”

कंपाउंडरांनी हेही लिहून घेतलं.

*

खोलीचं कुलूप लेकीनं उघडलं. किल्ली कुठे टांगलेली असते, हे तिला आठ वर्षांनंतरही ठाऊक होतं.

आत गारवा होता. जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेला पाण्याचा मोठा माठ, एक दगडी वाटी आणि दोरीवर पीळ घातलेला कापडाचा पट्टा. पट्टा इतका हिरवा, की मूळचा रंग कोणता ते सांगता आलं नसतं. कंपाउंडरांनी मान वर करून शास्त्रोक्त निरीक्षण सुरू केलं आणि दुसऱ्याच क्षणी कान दाबून बाहेर पळाले. छपराच्या मधल्या वाशाला गांधीलमाशांचं पोळं होतं, नारळाएवढं, थरावर थर चढलेलं.

“या खोलीत पुरावा नाही,” अंगणातून त्यांनी जाहीर केलं. “फक्त शत्रू आहे.”

“कंपाउंडर,” विमाबाई आतून म्हणाल्या, “आता तुम्ही केस सोडवलीत.”

कंपाउंडर कानाला चुना लावून घ्यायला गेले. विमाबाई उंबऱ्यावर बसल्या आणि लेकीला शेजारी बसायला सांगितलं. अंगण मोकळं होतं. सून आत होती, भांड्यांचा आवाज येत होता.

“सगळ्यांना एकत्र बसवून सांगायची पद्धत असते,” विमाबाई म्हणाल्या. “मला ती कधी आवडली नाही. आणि हे ऐकायचा हक्क आधी तुमचा आहे.”

लेक हातातली किल्ली उलटसुलट करत बसली.

“विष नव्हतं. तुमची आई हिवतापानं गेली, रक्ताचा अहवाल तेच सांगतो. व्यापाऱ्याला कृती हवी होती, त्यासाठी म्हातारी जिवंत हवी. नर्स तिच्याकडे माणसं पाठवत होती. तेव्हा प्रश्न एकच उरला. या पाल्यानं सहा जण उठले, सातवी का उठली नाही?” त्यांनी छपराकडे बोट केलं. “धूर असतो तिथे गांधीलमाशा घर करत नाहीत. ते पोळं वर्षानुवर्षांचं आहे. गवत बघा, पिवळंच आहे, काजळीचा ठिपका नाही. चूल नाही, राख नाही. चाळीस वर्षं ज्या खोलीत औषध झालं, तिथे विस्तव कधी पेटलाच नाही. कुटलेला गोळा पुरलेल्या माठातल्या गार पाण्यात तासभर भिजवायचा आणि त्या पट्ट्यात घालून पिळायचा. म्हणून लोकांना ते हिरवं, गार, फेसाळ आठवतं. व्यापाऱ्याच्या तापलेल्या पत्र्याला तुमची आई हसायची, तेही यासाठीच. काही पाल्यांचा गुण आच लागली की उडून जातो. तुमच्या आईनं हे पुस्तकात वाचलं नव्हतं, तिला माहीत होतं.”

“वहिनीनं उकळलं,” लेक पुटपुटली.

“तिनं नुसती पाटी वाचली. पाणी पोटात जायचं तर दहा मिनिटं उकळायचं. वस्तीत सगळ्यांत नीट वागणारी सून, तिनं सगळ्यांत नीट केलं, दिवसातून तीन वेळा. आणि तुम्ही मयताला आलात, पातेल्याचं काळं बूड आणि आतलं तांबूस कडं पाहिलंत आणि सगळं समजलात. दहा भांड्यांतून तेवढंच उचललंत. विष निघावं, असं तुम्हाला मनापासून वाटत होतं.”

“मी का म्हणून…”

“विष निघालं असतं तर तुम्ही सुटला असतात.” विमाबाईंचा आवाज जराही चढला नाही. “आजारपणाच्या तिसऱ्या दिवशी ती उपकेंद्राच्या ओट्यावरून कुणाशी बोलली? नवरा इथे, सासू अंथरुणावर. तिला एकच गोष्ट विचारायची होती आणि ती जगात आणखी एकाच बाईला ठाऊक होती. आधी कुणी विचारलं नाही, असं तुम्ही मला सांगितलंत. मघाशी तीही म्हणाली, कुणालाच विचारलं नाही. तुम्ही स्वतःला वाचवायला खोटं बोललात. ती तुम्हाला वाचवायला.”



“मला वाटलं, आई मरतेय असं म्हणून कृती काढून घेतेय,” लेक शेवटी म्हणाली. “सात वर्षं ती आईजवळ होती. जे माझ्याकडे उरलं होतं ते एवढंच. मी म्हटलं, घरच्या माणसाशिवाय कुणाला सांगायचं नसतं. ती म्हणाली, वन्सं, मी घरचीच ना? मी फोन ठेवला.” तिनं हात मांडीवर उलटे ठेवले. “आच लावू नकोस. एवढंच सांगायचं होतं. तीन शब्द.”

विमाबाईंनी सांत्वन केलं नाही. तसली सेवा त्या देत नसत.

“वहिनीला सांगणार?” लेकीनं विचारलं.

“मी नाही. माझं काम झालं. पण सांगण्याला दोन बाजू आहेत. तिला सांगितलंत तर आपल्याच हातानं काय झालं, ते तिला जन्मभर कळत राहील. नाही सांगितलंत तर पुढच्या तापकऱ्यालाही ती मनापासून उकळूनच देईल. आजी गेली म्हणून ताप काही वस्ती सोडून जाणार नाही.”

“मी इथे राहत नाही,” लेक म्हणाली.

“तेच तर,” विमाबाई म्हणाल्या.

तेवढ्यात अंगणात गलका झाला. नर्सबाई आणि सुतार व्यापाऱ्याला दोन्ही बाजूंनी धरून आणत होते. स्वेटरवर घोंगडी होती आणि घोंगडीखाली माणूस लटलटत होता. कंपाउंडरांनी त्याच्या कपाळावर हात ठेवला आणि वहीतली संशयिताची नोंद खोडली. गाडी निघालीय, नर्सबाई म्हणाल्या, पूल आता चालू आहे, पण पोचायला दोन तास. तोवर काही असेल तर बघा.

“भुकटी घ्या की,” सुतार म्हणाला.

“थट्टा नको रे,” व्यापारी कण्हला. “म्हातारीचं द्या.”

सून केव्हाच परसात गेली होती. ती ओंजळभर ताजा पाला घेऊन आली, खलबत्ता ओढला आणि भराभर कुटू लागली. कुणाला काही विचारलं नाही. गोळा झाला तशी उठली, घासून लखलखीत केलेलं एक पातेलं घेतलं, त्यात पाणी ओतलं आणि चुलीकडे वळली.

लेक उंबऱ्यावरून उठली. अंगण दहा पावलांचं होतं. तिनं ते सावकाश ओलांडलं.

चुलीपाशी जाऊन तिनं वहिनीचं मनगट धरलं. पातेलं त्या दोघींच्या मधे राहिलं.

“चुलीवर नको,” ती म्हणाली. “याला आच लावायची नसते.”

सून आधी नुसती बघत राहिली. मग तिची नजर पाल्याच्या गोळ्याकडे गेली, तिथून हातातल्या पातेल्याकडे, तिथून अंगणापलीकडच्या खोलीच्या उघड्या दाराकडे, आणि तिथेच थांबली. 

“त्या दाखवत होत्या,” ती म्हणाली. आवाज नव्हताच, फक्त ओठ हलले. “आणि मी कुलूप…”

“तू विचारलं होतंस,” लेक म्हणाली. ती सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली, दारात उभ्या असलेल्या भावालाही. “फोन करून विचारलं होतंस. मी सांगितलं नाही. चूक माझी, तुझी नव्हे.”

सुनेनं मान हलवली, पण ती हो होती की नाही, ते कळलं नाही. ती खाली बसली नाही, रडलीही नाही. पातेलं तिनं इतक्या जपून जमिनीवर ठेवलं, की आवाज झाला नाही.

“चल,” लेक म्हणाली. “आत चल.”

“मी? त्या खोलीत?”

“हो, बोलावतेय.”

दोघी आत गेल्या. दार मात्र लावलं नाही. उंबऱ्यावरून विमाबाईंना सगळं दिसत होतं. माठातून काढलेलं पाणी, त्यात सोडलेला गोळा, आणि दोरीवरून उतरवलेल्या पट्ट्याचं एक टोक नणंदेच्या हातात, एक भावजयीच्या. तासभर दोघी समोरासमोर बसून राहिल्या. मग पिळायला लागल्या. हिरवं पाणी वाडग्यात पडायला लागलं तेव्हा सून रडत होती, पण तिचा पीळ सैल झाला नव्हता.

व्यापाऱ्यानं वाडगा रिकामा केला, तोंड भयंकर वाकडं केलं आणि गाडीत चढला.

परतीच्या वाटेवर कंपाउंडर मागे रेंगाळत होते. त्यांचा कान टम्म सुजला होता. उपकेंद्राच्या भिंतीपाशी ते थांबले, ती मोठी अक्षरं आणि ते हसरं कुटुंब बघत राहिले.

“बाई, यात गुन्हेगार कोण म्हणून लिहू?”

विमाबाईंनी ती वही त्यांच्या हातातून घेतली, मिटली आणि आपल्या पिशवीत टाकली.

“बस चुकेल,” त्या म्हणाल्या.